तीन वेळा पडलेल्या अक्षता

"बस, इतनी ऊँचाई," भार्गवसाहेबांनी आपला तळहात छातीजवळ आडवा धरून दाखवला. "लहंगा सिल चुका है, बहनजी. एक दिन का काम है. आपकी कोई बच्ची मिल जाए तो..."

मी फळ्यावर अपूर्णांकांची वजाबाकी मांडत होते. मुद्दाम चुकीची. ती माझी शिकवायची पद्धत होती. मी गणित चुकीचं सोडवायचे आणि मुलांनी चूक शोधायची. नियम एकच. ज्याला चूक सापडेल त्यानं तळहात पाटीवर पालथा ठेवायचा आणि मी "चूक कुठे आहे?" असं विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नाहीतर हुशार मुलं लगेच ओरडतात आणि मागच्यांना शोधायला सवडच मिळत नाही.

त्या वेळी वर्गात एकच तळहात पालथा होता. कुशावर्ता डोईफोडेचा. तो नेहमीच सगळ्यांत आधी पालथा व्हायचा.

भार्गवसाहेबांची नजरही तिच्यावरच गेली. "यह," ते म्हणाले.

ही सत्त्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या वरच्या डोंगराळ भागात धामणबर्डी नावाच्या गावात मी शिक्षिका होते. मी मूळची वाईची. लग्न केलेलं नव्हतं. गावात माझं असं कुणी नव्हतं. शाळेला लागून एक खोली होती, तिच्यात सहा वर्षं राहत होते. आठवडाभरापासून एका हिंदी सिनेमाचं शूटिंग गावात चाललं होतं. बालविवाहावरचा सिनेमा. लहानपणी लग्न लावून दिलेल्या एका बाईची कथा होती आणि तिच्या लहानपणचं ते लग्न आमच्या गावात चित्रित करायचं होतं. मुंबईहून आणलेली मुलगी तापानं फणफणली, म्हणून सिनेमाचे दिग्दर्शक भार्गवसाहेब दुसरी मुलगी शोधत शाळेत आले होते.

गावात नीट हिंदी बोलणारी मी एकटी. त्यामुळे आठवडाभर माझं दुभाष्याचं कामच चालू होतं. साहेब मृदू बोलणारे गृहस्थ होते. विषयाबद्दल त्यांना खरी तळमळ होती. मला ते आवडायचे. आणि कुशावर्तावर त्यांचं बोट पडलं तेव्हा माझ्या मनात एक विचार आला. तो मी कुणाला सांगितला नाही.

कुशावर्ताचं लग्न ठरलं होतं. वैशाखात, तिच्या आत्याच्या मुलाशी. ती तेरा वर्षांची होती.

संध्याकाळी मी तिच्या वडिलांकडे गेले. आसाराम डोईफोडे ओट्यावर दोरी वळत बसले होते.

"सिनेमा?" ते हसले. "बाई, पोरीचं वैशाखात ठरलंय. माझ्या बहिणीच्या घरी द्यायची हाय. त्यात हे कशाला काढता?"

"लहान मुलींची लग्नं करू नका, हेच सांगितलंय त्या सिनेमात, आसारामभाऊ."

"मग लग्न कशाला लावू लागलेत त्यात?"

"दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

"तुमचं आपलं शाळेवाणीच," ते म्हणाले. "आधी चुकीचं गणित मांडायचं अन् मग पोरास्नी म्हणायचं, हुडका चूक!"

आतून त्यांची बायको गयाबाई म्हणाली, "जाऊ द्या की एक दिवस. पडद्यावर दिसंल पोरगी. आपल्या घरातलं कोण दिसलंय कधी पडद्यावर?"

मी मनात म्हटलं, एकदा हा माणूस मुलीला त्या बोहल्यावर बघेल, साहेब काय म्हणतात ते ऐकेल, मग वैशाखात याचा हात धजणार नाही. मला खरंच तसं वाटत होतं. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि समोर मांडून दाखवलं की माणसाला चूक दिसते यावर माझा फार विश्वास होता.

शूटिंगच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. गाव लोटला होता. साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नेहमीचेच कपडे घालून या, पण बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. सिनेमावाल्यांनी अक्षतांसाठी लाकडाचा भुसा रंगवून ठेवला होता. तो पाहून गयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"भुसा टाकायचा व्हय लेकरांच्या डोक्यावर? अगं बया!"

बायका घरोघरी गेल्या आणि तांदूळ घेऊन आल्या. कुंकवात घोळलेले, खऱ्या अक्षतांचे. नुसत्या हातांनी लग्नाला कसं जायचं म्हणून काही जणींनी खणही आणले. हळद गावातल्याच जात्यावर दळलेली होती. ती लावताना बायकांना कुणी गा म्हणून सांगितलं नव्हतं. त्या आपणहून गाऊ लागल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सब असली है," ते मला म्हणाले. "देखिए बहनजी, सब असली है."

गावचे जोशीबुवा मात्र अडून बसले.

"बाई, हा पौष चाललाय. पौषात लग्न लावत नसतात."

"लग्न कुठंय, जोशीबुवा? सिनेमा आहे."

"ते खरं. पण मी मंगलाष्टकं म्हणतो, शेवटचं सावधान तेवढं म्हणत नाही. ते म्हटलं की लग्न लागतं. पुढं जबाबदारी माझ्यावर."

मी ते साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांना सगळं हवं होतं. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, मुलगी दचकते, तो क्षणच तर हवा होता त्यांना. मी परत जोशीबुवांकडे गेले. म्हटलं, "बुवा, या सिनेमामुळे शंभर मुलींची लग्नं थांबतील. त्या पुण्यापुढं तुमचं एक सावधान काय जड आहे?"

बुवांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता तर म्हणतो."

नवरदेव म्हणून मुंबईचा चाळिशीचा नट होता. तो भला माणूस. दर वेळी शॉट संपला की कुशावर्ताला "थक गई, बेटा?" म्हणून विचारायचा आणि खुर्चीवर जाऊन पेपर वाचायचा.

तीन वेळा अंतरपाट धरला. पहिल्यांदा एक बकरी मध्ये घुसली. दुसऱ्यांदा ढग आला. तिसऱ्यांदा सगळं जमलं. तिन्ही वेळा जोशीबुवांनी सावधान म्हटलं आणि तिन्ही वेळा गावानं अक्षता टाकल्या. आसारामभाऊंनीही टाकल्या. नवीन रुमाल बांधून ते पुढच्याच रांगेत उभे होते.

"पोरीचं तीनदा लगीन लागलं की," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले.

कुशावर्ता संध्याकाळी माझ्या खोलीवर आली. अंगावरची हळद अजून पुरती गेली नव्हती.

"बाई, मी दिसंन ना पडद्यावर?"

"दिसशील ना. किती जवळून घेतला तुझा चेहरा."

"मग मी चांगली दिसले का रडकी?"

"दोन्ही," मी म्हटलं. तिला ते फार आवडलं.

पाचव्या दिवशी तिची आत्या आली. कोंडाबाई तिचं नाव. मी तेव्हा पाटलांच्या घरी वर्तमानपत्र आणायला गेले होते. परतताना डोईफोड्यांच्या दारात गर्दी दिसली.

"हळद लागली, मुंडावळ्या बांधल्या, बामनानं मंत्र म्हटले," कोंडाबाई अंगणात उभी राहून बोलत होती. "अन् वर गावानं अक्षता टाकल्या. एकदा न्हाई, तीनदा! पौषात! अन् आता तीच पोर माझ्या पोराच्या गळ्यात घालता व्हय रं, आसाराम?"

"ताई, ते खोटं होतं."

"हळद खोटी होती? तांदूळ खोटे होते? तू सवता टाकलेस का न्हाई? सांग की!"

जोशीबुवा गर्दीतून पुढं झाले, "कोंडाबाई, त्यात कन्यादान नव्हतं, सप्तपदी नव्हती," असं काहीतरी म्हणाले. पण त्यांचाच आवाज त्यांना साथ देत नव्हता. मी पुढं होऊन सांगू लागले, तेव्हा गयाबाई माझ्याकडे वळल्या. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बाई, तुमच्यावाणी करून टाकलीत की तिला."

वैशाखात लग्न झालं, पण कुशावर्ताचं नाही. तिच्याच बाकावर बसणाऱ्या मंजुळाचं. कोंडाबाईला सून हवी होती, ती तिला त्याच गावात मिळाली. मी मंजुळाच्या घरीही गेले होते, पाया पडायचीच काय ती बाकी ठेवली होती. तिच्या बापानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "आमच्या पोरीला तरी सिनेमात नेऊ नका म्हंजे झालं."

कुशावर्ता सातवी पास झाली, केंद्रात पहिली आली. तिला मागणी आता कुठूनच येत नव्हती. आसारामभाऊंनी शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात तिचं नाव घातलं, तेही आनंदानं नाही. "घरी बसून तरी काय करणार?" ते मला म्हणाले. "हे नाव एकदा पुसलं जाऊ द्या, बाई. त्याच वर्षी उजवून टाकतो तिला. पण पुसणार कसं?"

ती रोज दोन कोस चालत जायची आणि परत आली की माझ्याकडे यायची. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी अभ्यास करायचो. ती वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचून यायची आणि मला तोंडपाठ सांगायची. खताची जाहिरात, दवाखान्याच्या वेळा, निवडणुकीची भिंत, सगळं. मीच लावलेली सवय होती ती. मुलांना म्हणायचे, लिहिलेलं दिसलं की शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, अर्धं सोडायचं नाही.

त्या वर्षीच्या नवरात्रात अष्टमीला पाटलांच्या घरी कुमारिका जेवू घातल्या. मलाही बोलावणं होतं, वाढायला. नऊ मुलींची पंगत बसली. कुशावर्ता ओळीत आठवी. पानावर पुरणाची पोळी पडली होती. एवढ्यात पाटलीणबाई आल्या, ओळीवरून नजर फिरवली आणि तिच्यापाशी थांबल्या.

"कुशे, तू ऊठ गं. तू मागनं बस."

"कामून, काकू?"

"ऊठ म्हटलं ना."

ती उठली. कुठं बसायचं हे तिला कळेना. सवाष्णींची पंगत नंतर होती, तीत ती बसू शकत नव्हती. कुमारिकांत तर बसायचंच नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हातात काही नसताना हात पुढं धरून. मी हातातलं तूप खाली ठेवलं आणि तिला घेऊन माझ्या खोलीवर आले. पिठलं केलं. दोन ताटं मांडली.

जेवताना ती म्हणाली, "बाई, तुम्ही कोणत्या पंगतीत बसता?"

"कुठल्याच नाही. मी वाढते."

"मग मी बी वाढंन," ती म्हणाली. जेवण झाल्यावर तिनं दोन्ही ताटं घासली आणि घरी गेली.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास सिनेमा जिंतूरला लागला. नाव मोठं, उर्दू वळणाचं होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता. मला पंचायत समितीत गेले असताना कळलं. रविवारी दुपारच्या खेळाला मी कुशावर्ताला घेऊन गेले. तिच्या घरी, दोघी पुस्तकं आणायला जातोय, असं सांगितलं. मनात होतं की आधी आपण दोघींनीच पाहावं.

थिएटरबाहेर पोस्टर होतं. ती त्याच्यासमोर उभी राहून एकेक नाव वाचू लागली. मी हात धरून तिला आत ओढलं.

आत तीस-चाळीस माणसं असतील. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात आमचा मारुती दिसला. कुशावर्तानं माझा दंड घट्ट धरला. मांडव दिसला. जोशीबुवा दिसले, अगदी हुबेहूब, आवाजासकट. बायका दिसल्या. आसारामभाऊ दिसले, नवीन रुमालात, मूठ वर उचललेले. पिवळ्या लहंग्यातली मुलगी पाठमोरी उभी होती, ती कुशावर्ताच. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मुलगी दचकली आणि चेहरा वर केला.

तो तिचा नव्हता. मुंबईच्या त्या मुलीचा होता. बरी झाल्यावर साहेबांनी तिचा चेहरा पुन्हा घेतला असावा. त्यानंतर पडद्यावर जे जे झालं त्यात सगळीकडे तीच होती. कुशावर्ताची फक्त पाठ होती आणि एकदा, अगदी क्षणभर, हळद लावलेला एक हात.

दंडावरची पकड सुटली. मला वाटलं, रडत असेल. दिवे लागले तेव्हा पाहिलं तर तिचे डोळे लख्ख होते.

एस. टी. स्टँडवर बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "बाई, मी नाहीच की त्यात!"

"हो गं. वाईट वाटलं ना?"

"वाईट कामून? बाई, लगीन तिचं लागलं! त्या पोरीचं! तोंड तिचं हाय. अक्षता तिच्यावर पडल्या. माझी नुसती पाठ हाय, अन् पाठीला कोण लगीन लावतंय?" ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "अप्पाला आणू. कोंडाबाई आत्याला आणू. पाटलीण काकूला आणू. सगळ्या गावाला दाखवू. जोशीबुवा तर लगेच मानतील. मग मी पंगतीत बसंन, बाई! मला उठवणार नाई कोणी!"

तिचं बरोबर होतं. मला ते लगेच कळलं. गावानं ज्या डोळ्यांनी ते लग्न लागलेलं पाहिलं होतं, त्याच डोळ्यांनी ते दुसऱ्याच मुलीचं झालेलं पाहिलं असतं. जोशीबुवांनीच पडद्याकडे बोट दाखवलं असतं. नाव पुसलं गेलं असतं.

आणि आसारामभाऊंनी त्याच वर्षी तिला उजवून टाकलं असतं.

मंजुळा मागच्याच आठवड्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी तिला विहिरीवर पाहिलं होतं. चौदा वर्षांची. एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं घागर ओढत होती. मला पाहून तिनं घागर खाली ठेवली आणि वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

एवढंच कारण होतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण संध्याकाळी माझ्या खोलीत येणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही खरं आहे.

"येत्या रविवारी आणू सगळ्यांना," मी म्हटलं. "आता परीक्षा चालू आहेत माझ्या शाळेच्या. रविवारी गाडीचं बघते."

जिंतूरला सिनेमा शुक्रवारी बदलतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती परत बाकावर बसली. मांडीवर पुस्तकांची पिशवी होती, तिच्यावर तिनं हात पालथा ठेवला.

"हो, बाई," ती म्हणाली.

गावापर्यंतच्या प्रवासात ती खिडकीबाहेर बघत होती. एकही पाटी तिनं मोठ्यानं वाचली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

तो रविवार उजाडेपर्यंत मला झोप नव्हती. तिला काय सांगायचं ते मी घोकून ठेवलं होतं. सिनेमा अचानक काढला, मला माहीत नव्हतं, वाईट झालं. रविवारी ती आलीच नाही. दुपार झाली, चार वाजले, मी दार उघडं ठेवून बसले होते. ती आली नाही आणि घोकलेलं खोटं मला बोलावं लागलं नाही. सुटले, असं मला वाटलं.

सोमवारी ती नेहमीसारखी वही घेऊन आली. सिनेमाचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. त्यानंतर तिनं तो कधीच काढला नाही.

ती दहावी झाली, बारावी झाली, नांदेडला नर्सिंगला गेली. त्यासाठी मी अर्ज आणून दिले, सह्या घेतल्या, तिच्या वडिलांना समजावलं. तिच्या गावी येण्याच्या खेपा कमी होत गेल्या. माझीही बदली झाली. पत्रं यायची. सुवाच्य, नीट, ख्यालीखुशालीची. सगळ्यांसारखीच. माझ्याकडे शेकडो मुलांची अशी पत्रं आहेत. पण तिच्याकडून मी दुसऱ्या कशाची तरी वाट बघत होते आणि कशाची ते मला सांगता येत नव्हतं.

आता मी परभणीत राहते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा मुलं ओट्यावर येतात, पाढे म्हणतात, गणितं सोडवतात. फळा छोटा आहे, पण पद्धत तीच.

गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी तिसरीच्या मुलांसमोर वजाबाकी मांडली होती आणि एक बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. कानावरचे केस पांढरे, सुती साडी, खांद्याला पर्स. त्या मला हाक न मारता फळ्याकडे बघत होत्या.

"हातचा घ्यायला विसरल्यात, बाई," त्या हसून म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "चुकलं. विचारल्याशिवाय बोलले."

मुलं ओरडली, "आजी, यांनी नियम मोडला!"

"मोडला," मी म्हटलं. मी खडू खाली ठेवला.

मुलांना घरी पाठवलं. कुशावर्ता स्वयंपाकघरात आली, तिनंच चहा टाकला. ती नांदेडला मोठ्या दवाखान्यात मेट्रन झाली होती. लग्न केलं नव्हतं. "वेळ गेली," ती सहज म्हणाली. "आणि मग सवय झाली. तुम्हाला माहीतच आहे." अप्पा गेले, आई धाकट्या भावाजवळ असते, असं तिनं सांगितलं. मंजुळाचं विचारलं, तर तिनं हातातला कप खाली ठेवला. मंजुळा तिसऱ्या बाळंतपणात गेली होती. ते मला ठाऊक होतं. तरी का विचारलं कोण जाणे.

"कुशा," मी शेवटी म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या सिनेमाचं."

तिनं कप बाजूला सारला आणि टेबलावर हात ठेवला. पालथा.

मी तो हात बघितला. जाड झालेली बोटं, नखं अगदी बारीक कापलेली. आणि एकदम मला एस. टी. स्टँडवरचा तो दुसरा, लहान हात दिसला, पुस्तकांच्या पिशवीवर ठेवलेला. तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं होतं. रोज वर्गात पाहायचे तसंच पाहिलं होतं. आणि तो कशासाठी ठेवलाय हे मला वाचता आलं नव्हतं.

"तेव्हापासून?" मी विचारलं.

"तेव्हापासून," ती म्हणाली. "त्या रविवारी मी अंगण झाडून बसले होते, बाई. म्हटलं, बाई येतील आणि विचारतील. तुम्ही कधीच चुकीचं गणित पुसून टाकलं नाहीत. आम्ही सांगेपर्यंत थांबायच्या. मला वाटलं, हेही तसंच असेल. आठ दिवस थांबले. मग वाटलं, महिनाभर थांबावं. पुढं पुढं कळलं की तुम्ही विचारणार नाही. पण हात काढून घ्यायचं काही जमलं नाही."

बाहेर शेजारच्या मुलाची सायकल भिंतीला घासून गेली. गॅसवर चहाचं रिकामं पातेलं तापत होतं. मी उठून गॅस बंद केला. परत येऊन खुर्चीत बसले नाही, तिच्यासमोर उभी राहिले, वर्गात राहायचे तशी.

"चूक कुठे आहे?" मी विचारलं.

ती उठून उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या मेट्रनबाई, स्वयंपाकघरात, ताठ.

"सिनेमा शुक्रवारी बदलतो, बाई. पोस्टरच्या खाली पट्टी होती. फक्त गुरुवारपर्यंत. बाहेर येताना मी शेवटपर्यंत वाचली होती." ती थांबली. आवाज बदलला नाही, फक्त सावकाश झाला. "आणि तुम्ही विचारलं असतं, तर मंजुळाला मीही विहिरीवर पाहिलं होतं. मीच म्हटलं असतं, नका नेऊ कुणाला. मी म्हटलं असतं, बाई."

"बरोबर," मी म्हटलं. "बैस."

तिनं हात उचलला आणि बसली.